रामबागेतील एक दवाखाना, संशोधनाच्या निकषांवर पाहिलेला

दवाखान्यांविषयी लोक जे अभिप्राय लिहितात, त्यांत बहुधा तीन गोष्टी असतात: बसायला जागा कशी आहे, किती वेळ थांबावे लागते आणि डॉक्टर आपुलकीने बोलतात की नाही. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या मुळीच नाहीत. परंतु फॅमिली डॉक्टरांच्या हाती आपण घरातील सगळ्यांची प्रकृती सोपवतो, तेव्हा त्यांच्याविषयी जे कळायला हवे ते एवढ्याने कळत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेवर संशोधन करणारी मंडळी मात्र गेली साठ-सत्तर वर्षे नेमके तेच विचारत आली आहेत: डॉक्टरांचे शिक्षण आणि अनुभव किती, ते एकटे व्यवसाय करतात की इतरांच्या जोडीने, एका रुग्णाला किती वेळ देतात, नोंदी कशा ठेवतात, मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवतात, आणि तोच रुग्ण पुन्हा त्यांच्याकडेच येतो का. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे अशा अभ्यासांचे वाचन होत गेले. इंदूरच्या रामबाग भागातील ज्या दवाखान्यात आमचे कुटुंब अनेक वर्षांपासून जाते, त्याचे परीक्षण याच निकषांवर करावे असे बरेच दिवस मनात होते.

डॉक्टरांचे नाव येथे देत नाही. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी स्वतःची जाहिरात करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत सांगितले आहे. हे डॉक्टर तो दंडक मनापासून पाळणारे आहेत आणि नाव छापले जाऊ नये अशी त्यांची स्पष्ट इच्छा आहे. या भागातील मराठी कुटुंबांना वर्णनावरून कल्पना येईल, तेवढी पुरेशी आहे.

प्रथम डॉक्टर आणि दवाखाना यांची ओळख, जशी एखाद्या अभ्यासाच्या पहिल्या तक्त्यात असते तशी. डॉक्टर साठी ओलांडलेले आहेत. एम.बी.बी.एस. इंदूरच्याच महात्मा गांधी स्मृती (एम.जी.एम.) वैद्यकीय महाविद्यालयातून झालेले, आणि तेव्हापासून आजपर्यंत एकाच जागी एकट्याने व्यवसाय करणारे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या: बाहेर बाकांची खोली आणि आत तपासणीची. मदतीला एक कंपाउंडर आहेत, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा दवाखाना उघडतो, रविवारी बंद असतो. नंबर भाऊ वहीत लिहून घेतात. येणाऱ्यांत रामबाग, नारायण बाग आणि लोकमान्य नगर या बाजूंची मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, पण तितकेच लोक आसपासच्या वस्तीतले, बाजारात काम करणारे आणि माळव्यातल्या खेड्यांतून नातेवाइकांकडे आलेले असतात. डॉक्टर आमच्याशी मराठीत बोलतात, त्यांच्याशी माळवीत. शहरातल्या नव्या खासगी रुग्णालयांच्या तुलनेत फी बरीच कमी आहे, आणि ज्याला तीही जड जाते त्याच्याकडे ती मागितली जात नाही.

दवाखान्याचे खरे वैशिष्ट्य भाऊंच्या मागच्या लाकडी कपाटात आहे. त्या कपाटात जाड पिवळसर कागदाची कार्डे उभी लावलेली असतात. ती आडनावाप्रमाणे नाहीत. गल्ली आणि घर यांच्या क्रमाने आहेत. एका घरातील सर्वांची कार्डे एका रबरात एकत्र बांधलेली असतात. आत गेल्यावर डॉक्टर प्रथम कार्ड वाचतात, मग मान वर करून विचारतात. प्रत्येक भेटीची तारीख, वजन, रक्तदाब, तक्रार, तपासणीत काय आढळले आणि काय औषध दिले, हे सारे बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात असते. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यावर लाल शाईची फुली असते. माझ्या सासूबाईंच्या कार्डाला जोडलेली पाने इतकी वाढली होती की शेवटी ती दोऱ्याने शिवावी लागली.

या कार्डांचा उपयोग काय, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्या शेजारच्या काकू गुडघेदुखीसाठी आल्या होत्या आणि मी त्यांच्या सोबत आत गेले होते. गुडघा तपासून झाला, औषध सांगून झाले, आणि मग डॉक्टरांनी कार्डावरच्या वजनाच्या आकड्यांवर बोट ठेवले. मागच्या तीन भेटींत वजन सारखे उतरत होते. ते म्हणाले, “काकू, वजन कमी होतंय. तुम्ही खाणं कमी केलंय का?” काकूंनी खाणे कमी केले नव्हते. उलट भूक वाढली होती, तहान लागत होती आणि रात्री उठावे लागत होते. हातातल्या बांगड्या सैल झाल्याचे त्यांच्या लक्षात आले होते, पण वय झाले म्हणून असेल असे त्यांना वाटले होते. रक्ततपासणीत मधुमेह निघाला. गुडघ्यासाठी आलेल्या बाईंचा मधुमेह सापडतो, तो आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात म्हणून आणि ते वाचणारा माणूस तोच असतो म्हणून.

अमेरिकेतील बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक सेवेची जी चार लक्षणे मांडली ती या क्षेत्रात सर्वमान्य आहेत: आजार झाला की प्रथम तेथे जाता येणे, दीर्घकाळ तोच संबंध टिकणे, बहुतेक गरजा तेथेच भागणे, आणि पुढच्या उपचारांची जुळणी तेथूनच होणे. यांपैकी दीर्घ संबंधाविषयी अलीकडे फार ठोस पुरावा पुढे आला आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील २२ अभ्यास एकत्र पाहिले. त्यांपैकी १८ अभ्यासांत असे दिसले की डॉक्टर न बदलणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. २०२२ मध्ये नॉर्वेतून त्याहून मोठा अभ्यास आला. तेथे जवळजवळ प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक डॉक्टर नोंदलेला असतो, म्हणून सुमारे ४५ लाख लोकांची माहिती पाहता आली. त्याच डॉक्टरांकडे १५ वर्षांहून अधिक काळ असलेल्यांत, एकच वर्ष झालेल्यांच्या मानाने, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता पाव हिश्शाने किंवा त्याहून थोडी जास्त कमी आढळली. संबंध जसजसा लांबत जातो तसतसा फरकही वाढत जातो, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अशा आकड्यांवरून कार्यकारणाचा निष्कर्ष लगेच काढू नये, हे मी वर्गात कायम सांगत असे आणि येथेही सांगते. ज्यांचे आयुष्य स्थिर असते त्यांचा डॉक्टरही स्थिर असतो, हे एक कारण असू शकते. तरीही इतक्या देशांत, इतक्या निरनिराळ्या व्यवस्थांत एकाच दिशेचा निकाल येतो तेव्हा त्याला वजन देणे भाग आहे. रामबागेतल्या या दवाखान्यात आमच्या घरातील तिसरी पिढी आता जाते. या निकषावर मी त्याला पूर्ण गुण देते.

वेळेचा निकष याहून अवघड आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतील माहिती एकत्र करून प्राथमिक डॉक्टर एका भेटीला किती वेळ देतात ते पाहिले गेले. बांगलादेशात तो ४८ सेकंद निघाला आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. आपल्या मध्य प्रदेशाविषयीही एक महत्त्वाचा अभ्यास आहे. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील ग्रामीण भागात स्थानिक माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून डॉक्टरांकडे पाठवले. कोणी हृदयविकाराच्या दुखण्याची लक्षणे सांगायचे, कोणी दम्याची, आणि कोणी घरी असलेल्या मुलाच्या हगवणीविषयी विचारायचे. सरकारी केंद्रांत सरासरी भेट अडीच मिनिटांच्याही आत आटोपत होती. विशेष म्हणजे जे डॉक्टर सरकारी नोकरी आणि खासगी दवाखाना दोन्ही करत होते, ते स्वतःच्या दवाखान्यात जास्त वेळ देत होते, जास्त प्रश्न विचारत होते आणि योग्य उपचारही अधिक वेळा करत होते. ज्ञान तेच, माणूस तोच, पण जागा बदलली की काळजीचे माप बदलते. त्याच संशोधकांपैकी काहींच्या २०१२ च्या अभ्यासात ग्रामीण मध्य प्रदेशातील ६७ टक्के उपचार करणाऱ्यांनी आपल्याकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नसल्याचे सांगितले होते. इंदूर शहरात बसून आपण ज्याला साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर म्हणतो, तो या प्रदेशातील कितीतरी लोकांना आयुष्यभर भेटत नाही.

आमच्या डॉक्टरांकडे निवांत सकाळी सात-आठ मिनिटे मिळतात. पावसाळ्यात, तापाची साथ असली की, ती निम्म्यावर येतात आणि बाक भरून लोक पायऱ्यांवर बसलेले असतात. वेळ कमी असला तरी एक शिस्त ते मोडत नाहीत: रुग्णाचे पहिले बोलणे पूर्ण ऐकून घेतात. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच थांबवतात असे दिसले होते. येथे म्हातारी माणसे आधी सुनेचे, मग पाण्याचे आणि मग छातीतल्या धडधडीचे सांगतात. ती धडधड ऐकायची असेल तर आधीचे दोन विषय ऐकावेच लागतात, हे डॉक्टरांना पुरते ठाऊक आहे. बाहेर ताटकळणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, मलाही झाला आहे. तरी हा वेळ वाचवावा असे मी म्हणणार नाही.

दवाखान्यात लोक कशासाठी येतात, याविषयी भारतात एक मोठे काम झाले आहे आणि ते पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केले, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातील ८८० शहरे आणि गावांमधील ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची लक्षणे आणि निदान लिहून ठेवले. एकूण २ लाख ४ हजार ९१२ रुग्ण. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनसंस्थेची तक्रार होती, एक चतुर्थांशांना पचनसंस्थेची, आणि ताप हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण होते, ३५.५ टक्के. आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसून जे दिसते ते याच्याशी मिळतेजुळते आहे: खोकला, ताप, जुलाब, रक्तदाबाची मासिक तपासणी, आणि होळीच्या सुमारास कोरड्या हवेने वाढणारा मुलांचा दमा.

याच ठिकाणी डॉक्टरांच्या सवयी कळतात. साध्या सर्दी-खोकल्याला ते प्रतिजैविक देत नाहीत. “सुई लगा दो साब” असे म्हणणाऱ्याला ते शांतपणे समजावतात आणि तरीही नाही म्हणतात. मी त्यांच्यासमोर रुग्णांना उठून दुसरीकडे जाताना पाहिले आहे. एकट्या डॉक्टरांचे उत्पन्न येणाऱ्या माणसांवरच अवलंबून असते, म्हणून या नकाराची किंमत त्यांना स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. प्रतिजैविकांच्या अतिवापरावर भाषणे पुष्कळ होतात. तो वापर थांबतो तो अशा खोल्यांमध्ये, एकेका माणसाशी वाद न घालता दिलेल्या नकारातून.

पुढे पाठवण्याच्या बाबतीतही मला समाधान आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील संशोधक कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता, जो आजही शिकवला जातो. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० डॉक्टरांकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात, ५ दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले जातात आणि केवळ एक जण विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो. वैद्यकीय शिक्षण मात्र बहुतांशी त्या एकाच्या खाटेभोवती दिले जाते. त्या २५० मधून पुढे पाठवायचे थोडे कोण, हे ओळखणे हीच फॅमिली डॉक्टरांची खरी परीक्षा. आमचे डॉक्टर उगाच तपासण्यांची यादी देत नाहीत, पण एम. वाय. या शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा तज्ज्ञांकडे पाठवतात तेव्हा सोबत एक पानभर चिठ्ठी देतात: आजाराचा क्रम, चालू औषधे, काय सोसत नाही आणि नेमके काय विचारायचे आहे. एका परिचिताच्या छातीत दुखू लागले तेव्हा त्यांनी ॲस्पिरिनची गोळी चावायला देऊन, ईसीजी काढून, रिक्षा बोलावून, वर रुग्णालयात फोन करून त्यांना रवाना केले. ज्या तज्ज्ञांकडे पाठवले त्यांच्याकडून कोणताही वाटा ते घेत नाहीत, हे शहरातील जाणकारांकडून मला वारंवार ऐकायला मिळाले आहे.

आता उणिवा. त्या लहान नाहीत, आणि आदर आहे म्हणून झाकाव्यात असे मला वाटत नाही.

पहिली उणीव औषधांच्या पुड्यांची. डॉक्टर काही औषधे स्वतःच्या कपाटातून देतात. भाऊ गोळ्या मोजून कागदी पुड्यांत बांधतात आणि वर सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारतात. त्या पुडीवर औषधाचे नाव नसते. रुग्ण रात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर तो काय खातो आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना अशा स्थितीत वेदनाशामक गोळी दोन ठिकाणांहून मिळाली आणि पोटाचा त्रास झाला. नाव मागितले तर डॉक्टर लगेच लिहून देतात. पण मागावे लागू नये. कार्डावर सगळे लिहिलेले आहे आणि रुग्णाच्या हातात काही नाही, ही विसंगती इतक्या काटेकोर माणसाच्या दवाखान्यात राहायला नको.

दुसरी उणीव स्त्रियांच्या बाबतीत. तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे आणि आतले बोलणे पहिल्या बाकापर्यंत ऐकू येते. स्त्री मदतनीस कोणी नाही. डॉक्टरांचे वागणे अत्यंत सभ्य आहे, आणि ते बाईमाणसाला तपासताना तिच्यासोबतच्या स्त्रीला आत बोलावतात. परंतु एकटी आलेली तरुण मुलगी पाळीची किंवा अंगावरून जाण्याची तक्रार अशा ठिकाणी सांगत नाही. ती खोकल्याचे औषध घेऊन जाते. संशोधनात डॉक्टर स्त्री की पुरुष हे पहिल्या काही प्रश्नांत असते, याचे कारण हेच: डॉक्टर कोण आहे आणि खोली कशी आहे, यावर कोणत्या तक्रारी नोंदल्या जातील ते ठरते. कार्डांत जे लिहिलेले नाही ते आजार या वस्तीत नाहीत, असा अर्थ कोणी काढू नये. एक दार आणि अर्धवेळ नर्सताई, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

दिवाळीत आणि मे महिन्यात दवाखाना बंद असतो तेव्हा दारावर फक्त पाटी असते. शेजारच्या एखाद्या डॉक्टरांशी ठरवून त्यांचे नाव त्या पाटीवर लिहिणे अशक्य नाही. सरकारी संजीवनी क्लिनिके २०१९ पासून सुरू झाली आहेत, तेथे मोफत तपासणी आणि औषधे मिळतात आणि गरजूंना त्यांचा आधार आहे. पण तेथे कार्ड नाही, आणि या वेळी भेटलेले डॉक्टर पुढच्या वेळी असतीलच असे नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र पुढची आहे. डॉक्टरांच्या घरातील कोणी हा दवाखाना चालवणार नाही, हे त्यांनीच सांगितले आहे. ते थांबतील तेव्हा ते लाकडी कपाट रद्दीत जाईल की काय, ही माझी चिंता आहे, आणि ती केवळ भावनेची नाही.

कारण असे. प्राथमिक सेवेच्या अभ्यासांत जे डॉक्टर सहभागी होतात ते सर्व डॉक्टरांचे प्रतिनिधी नसतात. जो होकार देतो तोच नमुन्यात येतो, आणि होकार देण्याइतकी सवड साधारणपणे त्यांच्याकडे असते ज्यांचा दवाखाना मोठा आहे, सोबत सहकारी आहेत, संगणक आहे, किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी नाते आहे. एकट्याने चालवलेला दोन खोल्यांचा दवाखाना बहुधा गळतो. म्हणून अशा अभ्यासात डॉक्टरांचे वय, अनुभव, दवाखान्याचा प्रकार हे तपशील आरंभीच छापलेले असतात. वाचणाऱ्याने ते पाहून ठरवायचे असते की हा निष्कर्ष आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना लागू पडेल की नाही. माझ्या विद्यार्थ्यांना तो पहिला तक्ता वगळून थेट निष्कर्षांकडे जायची घाई असे, आणि मी त्यांना परत तेथेच आणत असे.

दुसरी अडचण छेदाची. नॉर्वे किंवा ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक माणूस एखाद्या डॉक्टरांच्या किंवा दवाखान्याच्या यादीत असतो, म्हणून अमुक हजारांपैकी इतक्यांना हा आजार झाला असे म्हणता येते. भारतात अशी यादी नाही. किती आले हे कळते, कितींमधून आले हे कळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या दवाखान्यांची माहिती अर्ध्यावरच अडते. या कपाटातील कार्डे गल्ली आणि घराप्रमाणे लावलेली आहेत, प्रत्येक रबरात एक पूर्ण घर आहे, आणि ज्या घरांतील सगळे जण येथेच येतात अशी घरे भाऊंना तोंडपाठ आहेत. म्हणजे निदान काही गल्ल्यांपुरता तो छेद येथे उपलब्ध आहे. तीस-पस्तीस वर्षांचा रक्तदाब, वजन, दमा, कावीळ यांचा इतिहास, तोही एकाच माणसाने एकाच पद्धतीने लिहिलेला, इंदूरमध्ये दुसरीकडे कोठे मिळेल असे मला वाटत नाही.

अशा नोंदींतून काय निघू शकते, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात विल्यम पिकल्स नावाचे खेड्यातले डॉक्टर होते. आपल्या खोऱ्यातील प्रत्येक साथीच्या रुग्णाची रंगीत खुणांच्या तक्त्यावर ते नोंद करत. १९२९ च्या कावीळीच्या साथीत कोण कोणाला केव्हा भेटले हे त्यांना घराघरांतून ठाऊक होते, आणि त्यावरून संसर्ग झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ त्यांनी ठरवला. पुढे ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर्सचे कॉलेज स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसाखाणीच्या गावात तेथील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी गावातील प्रौढांचा रक्तदाब तक्रारीची वाट न पाहता मोजला आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. जेथे गरज जास्त तेथेच चांगली सेवा कमी पोहोचते, हा त्यांचा १९७१ चा सिद्धांत त्या गावातील अनुभवातूनच आलेला आहे. आणि आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर आहेतच. विंचूदंशाने कोकणात माणसे दगावत होती, तेव्हा खेड्यातील आरोग्य केंद्रात एकेका रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांच्या नोंदी केल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होते, वही होती आणि लिहून ठेवण्याचा निश्चय होता.

मी डॉक्टरांशी याविषयी बोलले. नावे आणि घरक्रमांक काढून टाकले जातील, रुग्णांची संमती शक्य तेथे घेतली जाईल आणि महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची मान्यता असेल, तर कार्डे अभ्यासासाठी द्यायला त्यांची तयारी आहे. त्यांना काळजी वाटते ती एवढीच की एखाद्या कुटुंबाचे क्षयरोगाचे किंवा मानसिक आजाराचे गुपित त्यांच्या हातून बाहेर पडू नये, आणि ती काळजी रास्त आहे. कार्डांची छायाचित्रे काढणे, संगणकावर उतरवणे आणि आजारांना प्राथमिक सेवेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे संकेतांक देणे, हे एम.जी.एम. महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी पुरणारे काम आहे. ते वर्गीकरण १९८७ पासून उपलब्ध आहे आणि त्यात रुग्ण कोणत्या कारणाने आला यालाही संकेतांक असतो, त्यामुळे गुडघ्यासाठी आलेल्या काकूंचा मधुमेह त्यात नीट नोंदवता येईल. आकडेमोडीसाठी मी बसायला तयार आहे. हे वाचणाऱ्यांपैकी त्या विभागाशी कोणाची ओळख असेल, तर त्यांनी हा विषय तेथे जरूर काढावा.

ज्यांना या दवाखान्यात जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. रक्तदाब, मधुमेह, दमा असे दीर्घकाळचे आजार असणारे, लहान मुलांचे पालक आणि घरात म्हातारी माणसे असणारे यांना हा दवाखाना मी निःसंकोच सुचवीन. अपघात, बाळंतपण किंवा रात्रीची तातडी यांसाठी तो नाही. स्त्रियांनी आपल्या खास तक्रारींसाठी सध्या तरी स्त्री डॉक्टरांकडे जाणे सोयीचे ठरेल. पायऱ्यांना कठडा नसल्याने वृद्धांसोबत कोणीतरी असावे. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी मिळते; सोमवार टाळावा. फी रोख किंवा मोबाइलवरून देता येते. पुड्या घेताना प्रत्येक औषधाचे नाव भाऊंकडून लिहून घ्यावे. प्रथमच जाणाऱ्यांनी जुन्या तपासण्यांचे कागद, चालू औषधांची पाकिटे आणि आईवडिलांना कोणते आजार होते याची माहिती सोबत न्यावी, कारण नवे कार्ड भरताना डॉक्टर हे सर्व विचारतात आणि पहिल्या भेटीला त्यामुळे अर्धा तास सहज लागतो.